अंगातला दाह कमी करायचा तर आधी किराणा यादी आणि ताट बघा

दाह कमी करायला काय घ्यायचं असं कुणी विचारलं की उत्तरं तयारच असतात, हळदीचं दूध घे, आल्याचा रस घे, जवसाचं तेल घे, अमुक कंपनीची कॅप्सूल घे. सगळे काहीतरी घ्यायलाच सांगतात. माझं म्हणणं जरा वेगळं आहे. आपलं मराठी घरातलं जुनं ताट या कामाला खरंच खूप चांगलं आहे, त्यात भाकरी आहे, उसळ आहे, पालेभाजी आहे, कोशिंबीर आहे, ताक आहे, जवसाची चटणी आहे, फक्त त्यातली मापं उलटीपालटी झालीत. पोळी-भात वाढला, तेल आणि साखर वाढली, कोशिंबीर चमचाभर उरली आणि जवसाची चटणी तर कित्येक घरांत बंदच झाली. ती मापं सुलटी कशी करायची ते खाली लिहितेय, महाग काही आणायला लागत नाही.

आधी दाह म्हणजे, इंग्रजीत इन्फ्लमेशन, नक्की काय ते थोडक्यात. विळीवर बोट कापलं की ते लाल होतं, गरम लागतं, सुजतं, ठणकतं. जखम भरून काढायला शरीर जे करतं त्याचीच ती खूण, चार-आठ दिवसांत आवरतं, आणि तो दाह हवाच. त्रास आहे तो दुसऱ्या प्रकाराचा, जो वर्षानुवर्षं मंद चालू राहतो आणि दुखत-खुपत तर काहीच नाही. पोटाच्या आत आतड्यांभोवती जी चरबी साठते ती नुसती पडून नसते, ती आयएल-६ सारखे दाह वाढवणारे पदार्थ रक्तात सोडत राहते, त्यामुळे लिव्हर सीआरपी नावाचं प्रोटीन जास्त बनवायला लागतं, आणि हे असं चालू राहिलं की हृदयाच्या रक्तवाहिन्या, डायबेटिस, फॅटी लिव्हर, सांधे सगळ्यांनाच ते वाईट. म्हणून वजनकाट्याच्या आधी मोजायचा टेप काढा. आपल्याकडच्या लोकांसाठी कंबर पुरुषांची ९० सेंटीमीटरच्या आत आणि बायकांची ८० च्या आत असावी असं धरतात.

टेस्ट करायची असेल तर एचएस-सीआरपी म्हणून असते, रक्तातलं हेच सीआरपी बारकाईने मोजणारी. आकडा (मिलिग्रॅम प्रति लिटर) १ च्या खाली असेल तर हृदयविकाराची जोखीम कमी, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त, आणि १० च्या वर गेली तर बहुतेक वेळा कुठेतरी इन्फेक्शन किंवा दुखापत असते, तेव्हा घाबरायचं नाही, डॉक्टरांना दाखवायचं आणि दोन-तीन आठवड्यांनी परत करायची. सर्दी-खोकला, दाढ सुजलेली, ताप असताना ही टेस्ट करूच नका, आकडा उगाच वाढलेला येतो आणि मग झोप उडते.

आणि एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगते कारण यात लोकांचं खरंच नुकसान होतं. माझ्या मोठ्या बहिणीला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणजे सांध्यांच्या दाहाचा कायमचा आजार आहे, तिला कितीतरी जणांनी सांगितलं की गोळ्या बंद कर आणि हे खा, ते खा. तसं अजिबात करायचं नाही. या आजारात औषध थांबलं की सांध्याची झीज आत चालूच राहते आणि झालेली झीज भरून येत नाही. खाणं औषधाच्या जोडीला, औषधाच्या जागी नाही.

आता किराणा यादी. मागच्या महिन्याची यादी किंवा बिल काढा आणि पेन घेऊन बसा. पहिलं बघायचं तेल. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये खाण्याबद्दलच्या नव्या सूचना काढल्या, त्यात दिवसाला २००० कॅलरी खाणाऱ्या माणसाला २७ ग्रॅम तेल-तूप सांगितलंय, म्हणजे महिन्याला साधारण पाऊण-एक किलो, चार मोठ्या माणसांच्या घराला सगळं धरून साडेतीन लिटरच्या आसपास. यात तूप पण आलं, फोडणी पण आली, तळण पण आलं. तुमच्या यादीत पाच-पाच लिटरचे कॅन असतील तर बाकी कशाच्याही आधी हे कमी करा. करायचं कसं तर तेलाच्या बाटलीतून थेट कढईत ओतायची सवय मोडायची, सकाळी एका वाटीत दिवसाचं तेल काढून ठेवायचं आणि स्वैपाक त्यातच. सुरुवातीला जड जातं पण जाड बुडाची कढई, मंद आच आणि झाकण ठेवून वाफेवर भाजी शिजवणं, एवढ्याने बरंच तेल वाचतं. वाटण परतताना तेल कमी पडलं की पाण्याचा हबका मारा, मसाला जळत नाही.

कुठलं तेल हा प्रश्न लगेच येतो. सूर्यफूल, सोयाबीन, करडई यात ओमेगा-६ नावाचा चरबीचा प्रकार जास्त असतो म्हणून ती तेलं दाह वाढवतात असं सगळीकडे फिरतंय. माणसांवर झालेल्या चाचण्यांमध्ये ओमेगा-६ खाल्ल्याने सीआरपी वाढल्याचं दिसलेलं नाही, तेव्हा घाबरून घरातलं तेल फेकू नका. शेंगदाणा, करडई, सोयाबीन, मोहरी, जे परवडेल ते आलटून पालटून वापरा. ऑलिव्ह ऑइल चांगलं आहे, स्पेनमध्ये सात हजारांवर लोकांवर झालेल्या प्रेडिमेड नावाच्या मोठ्या अभ्यासात ऑलिव्ह ऑइल किंवा अक्रोड-बदाम जोडून भूमध्य समुद्राकडचं जेवण जेवणाऱ्यांना हार्ट अटॅक, स्ट्रोक मिळून साधारण ३० टक्क्यांनी कमी झाले. पण ते जेवण म्हणजे नुसतं तेल नाही, त्यात भरपूर भाज्या, कडधान्यं, मासे आणि कमी गोड असं सगळं आहे. भाजी चमचाभर आणि वरून ऑलिव्ह ऑइल, याचा काही उपयोग नाही.

परत परत तापवलेलं तेल मात्र खरंच वाईट. हॉटेल आणि वडेवाल्यांसाठी एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेने २०१८ पासून नियमच केलाय की तेलातले पोलर कंपाउंड, म्हणजे तेल तापून खराब होताना बनणारे पदार्थ, २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचं नाही. घरात आपण काय मोजणार, म्हणून साधा नियम ठेवा, तळून उरलेलं तेल गाळून घ्यायचं, एक-दोन दिवसांत भाजीच्या फोडणीत संपवायचं आणि परत तळणीला वापरायचं नाही. दिवाळीत मोठी कढई भरून चकल्या-शेव तळतो त्यापेक्षा छोट्या कढईत थोडं तेल घेऊन थोडं थोडं तळलं तर उरतच नाही.

मग साखर. माणशी दिवसाला २५ ग्रॅम ही वरची हद्द धरा, चार जणांची महिन्याची ३ किलो होते, पण त्यात बिस्किटातली, सॉसमधली, आइस्क्रीममधली, कोल्ड्रिंकमधली पण धरायची, म्हणजे डब्यात यायची साखर खरं तर त्याहून कमी. नुसत्या चहाचं बघा, दिवसाला चार कप, कपाला दोन चमचे, की झाले ३५-४० ग्रॅम, हद्द चहातच ओलांडली. चहा सोडायची गरज नाही, दर पंधरा दिवसांनी पाव चमचा कमी करत जा, जिभेला कळतही नाही आणि दोन-तीन महिन्यांनी आधीचा चहा आपल्यालाच पाकासारखा गोड लागतो. गुळाचा चहा केला म्हणजे सुटलो असं समजू नका, गुळात थोडं लोह वगैरे असतं पण शरीराच्या हिशोबात तो गोडच. कोल्हापूरचा उत्तम गूळ असला तरी पुरणपोळीत आणि तीळगुळात खा, रोजच्या चहात चार वेळा नको.

यादीतलं तिसरं म्हणजे मैदा आणि पुडे. खारी, टोस्ट, नानकटाई, बिस्किटं, नूडल्स, फरसाण. संध्याकाळी पाच ते सात या दोन तासांत आपल्या घरांमध्ये जे खाल्लं जातं तिथेच सगळं बिघडतं असं माझं ठाम मत आहे. जेवणात फारसं वाईट काही नसतं हो, वाईट असतं ते चहाबरोबर. म्हणून त्या वेळेची सोय आधीच करून ठेवा, फुटाणे, भाजलेले शेंगदाणे, उकडलेल्या शेंगा, पेरू, कांदा घालून, लिंबू पिळून चुरमुऱ्याची ओली भेळ ज्यात शेव नावापुरती, उकडलेलं अंडं, किंवा दुपारच्या उसळीची वाटी कांदा-टोमॅटो घालून. समोर दिसेल असं ठेवा आणि बिस्किटांचा डबा मुळात घरात आणूच नका, आणला की खाल्ला जातो.

यादी झाली, आता ताट. आपल्याकडे वाढायची पद्धत ठरलेली आहे, डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर आणि उजवीकडे भाजी, उसळ, आमटी, मध्ये भात नाहीतर पोळी. तर मधलं कमी करायचं आणि दोन्ही बाजूंचं वाढवायचं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्याच सूचनांमध्ये दिवसाला कच्च्या वजनाने भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम, धान्य २५० ग्रॅम, दाणे-तेलबिया ३५ ग्रॅम आणि दूध-दही ३०० मिली असं आहे. म्हणजे भाजी धान्यापेक्षा जास्त! आपण करतो बरोब्बर उलट, पाव किलो फरसबी चौघांत आणि पोळ्या मात्र माणशी चार. एकदा स्वैपाकाच्या काट्यावर ४०० ग्रॅम भाजी मोजून बघा, मोजल्याशिवाय अंदाज येत नाही.

कोशिंबीर वाटीभर हवी, दोन्ही वेळेला. खमंग काकडी, गाजर, बीट, मुळा, कोबीची पचडी, कांदा-टोमॅटो-दही, जे स्वस्त असेल ते. वर दाण्याचं कूट, कोथिंबीर, लिंबू आणि चमचाभर तेलाची मोहरी-हिंग-हळदीची फोडणी. साखर घालायची सवय असते ती सोडा. जेवायला बसल्या बसल्या आधी कोशिंबीर आणि उसळ खायची, मग पोळी-भात, ज्यांची शुगर वाढते त्यांना याचा फरक मीटरवर दिसतो.

हे सगळं कशासाठी तर चोथ्यासाठी म्हणजे फायबरसाठी. आपल्या मोठ्या आतड्यात जे जिवाणू राहतात त्यांचं खाणं म्हणजे हा चोथा, ते तो आंबवून ब्युटिरेटसारखी आम्लं बनवतात, आतड्याच्या अस्तराला तीच पोसतात आणि दाह आटोक्यात ठेवतात. चोथा मिळाला नाही तर हेच अस्तर कमकुवत होतं.

पालेभाजीत मेथी-पालकावरच थांबू नका. चाकवत, शेपू, अंबाडी, माठ, राजगिरा, चंदनबटवा, घोळ, शेवग्याचा पाला, आणि पावसाळ्यात बाजारात आदिवासी बायका घेऊन बसतात तो टाकळा, कुर्डू, आणि पालेभाजी नसली तरी करटोली. दोन महिने मिळतात, तेव्हा घ्याच, पण ओळखीची भाजी घ्या आणि कशी करायची ते त्यांनाच विचारा, काही रानभाज्या आधी उकळून पाणी टाकून द्यावं लागतं. अंबाडीची भाजी ज्वारीच्या कण्या घालून आणि वरून लसणाची फोडणी, ही ज्यांनी खाल्ली नाही त्यांनी एकदा कराच.

कडधान्यांचं मोड आणणं लोकांना कटकट वाटते म्हणून सांगते. मटकी किंवा मूग सकाळी भिजत घाला, रात्री पाणी काढून टाका, धुवा, सुती फडक्यात सैल बांधून चाळणीत ठेवा, वर झाकण. दुसऱ्या दिवशी सकाळी मोड येतात, थंडीत थोडा जास्त वेळ लागतो. रविवारी एकदम जास्त करून फ्रीजमध्ये ठेवले की तीन-चार दिवस बघायला नको. गॅस होतो म्हणून उसळ टाळणारे खूप आहेत, त्यांनी एकदम वाटीभर खाऊ नये, अर्ध्या वाटीने सुरुवात, मूग आधी, मग मटकी, मग चवळी, हरभरा-वाटाणा-पावटा सगळ्यात शेवटी, आणि नीट मऊ शिजवून, हिंग-आलं घालून. आतड्यांना सवय व्हायला काही आठवडे लागतात. कोकणातली कुळथाची पिठी पण यातच मोडते, गरम भातावर ती असली की भाताचा ढीग लागत नाही.

भाकरीबद्दल दोन शब्द. ज्वारी, बाजरी, नाचणी आलटून पालटून खाणं चांगलंच, मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, मालदांडी जातीची मिळाली तर भाकरी पांढरीशुभ्र आणि गोड होते. पण भाकरीने शुगर वाढत नाही असं जे समजतात ते चूक आहे, तीन-चार भाकऱ्या खाल्ल्या तर वाढणारच, माप तिलाही आहे. आणि गव्हाच्या पोळीला व्हिलन करायची पण गरज नाही, गिरणीवरून दळून आणलेलं, कोंडा न चाळलेलं पीठ असेल तर पोळी उत्तम. ज्यांना गहू खरोखर सोसत नाही, सिलिॲक नावाचा आजार आहे, त्यांची गोष्ट वेगळी. ज्वारीचं पीठ थोडंच दळून आणा, जुनं झालं की विरी म्हणजे चिकटपणा जातो आणि भाकरी थापताना तुटते, मग लोक म्हणतात आम्हाला जमत नाही. उकळतं पाणी घालून उकड काढून मळलं तर नवशिक्यालाही जमते.

आता जवस, ज्याला काहीजण अळशी म्हणतात. शाकाहारी लोकांसाठी ओमेगा-३ ही चांगली चरबी मिळायचा हा सगळ्यात सोपा आणि स्वस्त मार्ग. विदर्भ-मराठवाड्यात, सोलापूरकडे ही चटणी घराघरांत असायची. वाटीभर जवस मंद आचेवर कोरडे भाजा, तडतडायला लागले आणि वास सुटला की उतरवा, जास्त भाजले तर कडू होतात. त्याच कढईत मूठभर कढीपत्ता आणि चमचाभर जिरं परतून घ्या. पूर्ण गार झाल्यावर आठ-दहा लसणाच्या पाकळ्या, दोन चमचे तिखट, मीठ घालून मिक्सरमध्ये थांबत थांबत जाडसर फिरवा, सलग फिरवलं की तेल सुटून गोळा होतो. रोज एक-दोन चमचे, भाकरीबरोबर दह्यात कालवून किंवा वरण-भातावर. अख्खे जवस गिळू नका, ते तसेच्या तसे बाहेर पडतात, दळलेलेच हवेत. आणि दळलेले जवस लवकर खवट होतात, म्हणून दहा-पंधरा दिवसांपुरतीच करा, उन्हाळ्यात फ्रीजमध्ये. कारळ्याची चटणी पण छान, खनिजं भरपूर, पण ओमेगा-३ साठी जवसच.

जवसातलं ओमेगा-३ आणि माशातलं ओमेगा-३ एक नाही हे पण माहीत असू द्या. जवसातल्या प्रकाराला एएलए म्हणतात, शरीराला उपयोगी पडतात ते ईपीए आणि डीएचए हे प्रकार, आणि एएलएचं त्यांच्यात रूपांतर शरीर फार थोडं करतं, माशात ते तयारच असतात. त्यामुळे मासे खात असाल तर आठवड्यातून दोनदा जरूर खा. आणि यात आनंदाची गोष्ट अशी की सुरमई-पापलेटसाठी खिसा रिकामा करायची गरज नाही, बांगडा, तारली, पेडवे हे स्वस्तातले तेलकट मासेच या कामाला जास्त चांगले. करायचे मात्र रस्सा करून, तिरफळं घालून बांगड्याचं तिखलं, गोव्याची उडदमेथी, नाहीतर केळीच्या पानात तव्यावर. रवा लावून तेलात बुडवून तळले तर त्याचा फायदा आपणच कमी करतो. ज्यांना गाऊट आहे, युरिक ॲसिड वाढतं, त्यांनी तारली-बांगडा जपून, डॉक्टरांना विचारून, कारण त्यात प्युरिन जास्त, ज्यापासून युरिक ॲसिड बनतं. डाळी-कडधान्यांनी गाऊट वाढतो असं मात्र अभ्यासांत दिसलं नाही, बिअर, मटण, कलेजी आणि गोड कोल्ड्रिंक्स हे त्यातले खरे दोषी. सुके मासे चवीपुरते, मीठ फार असतं, आणि दिवसाचं मीठ सगळं मिळून ५ ग्रॅम म्हणजे एक छोटा चमचाच हवं.

हळदीवर थोडं जास्त लिहिते कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहेत. हळदीतलं कर्क्युमिन दाहावर काम करतं हे खरं, पण हळदीत ते असतं साधारण ३ टक्के. अर्धा चमचा हळद म्हणजे दीड ग्रॅम, त्यात कर्क्युमिन आलं ४५ मिलिग्रॅमच्या आसपास, आणि चाचण्यांमध्ये वापरतात दिवसाला अर्धा-एक ग्रॅम, कधी त्याहून जास्त. शिवाय नुसतं खाल्लेलं कर्क्युमिन रक्तात फारसं पोचतच नाही. १९९८ मध्ये बंगळूरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमध्ये झालेल्या अभ्यासात मिऱ्यातल्या पायपरिनबरोबर दिल्यावर ते माणसांमध्ये कितीतरी पटीने जास्त शोषलं गेलं. म्हणजे तेलातली फोडणी, हळद आणि मिरी हे आपल्याकडे जे चालत आलंय ते चालू ठेवा, रोज, सगळ्या भाज्यांमध्ये. पण पेलाभर हळदीच्या दुधाने गुडघा बरा होईल ही अपेक्षा नको, आणि त्या दुधात दोन चमचे साखर तर नकोच.

अमेरिकेत १९९५ मध्ये जखमेवर हळद लावण्याचं पेटंट दिलं गेलं होतं आणि डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआर या आपल्या सरकारी संशोधन संस्थेने लढून १९९७ मध्ये ते रद्द करायला लावलं, या लढ्याचा मला मनापासून अभिमान आहे. पण हळद आपली आहे म्हणून तिच्या कॅप्सूल बेधडक घ्याव्यात असं होत नाही. जास्त ताकदीच्या कर्क्युमिन कॅप्सूल, खासकरून मिऱ्याचा अर्क घातलेल्या, घेऊन लिव्हरला इजा झाल्याची प्रकरणं डॉक्टरांनी नोंदवलेली आहेत. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, पित्ताचे खडे असतील तर विचारल्याशिवाय अजिबात नको. आणि सुटी हळद फार चकचकीत पिवळी दिसली तर घेऊ नका, रंगासाठी लेड क्रोमेट मिसळल्याची उदाहरणं आहेत आणि शिसं पोटात जाणं म्हणजे फार वाईट. हळकुंडं आणून डंकावरून कुटून घेतली तर सगळ्यात उत्तम, सांगलीची घ्या, वर्धा जिल्ह्यातली वायगावची मिळाली तर तीही छान, दोन्हींना जीआय आहे.

लसूण, आलं, मिरी, लवंग, जिरं, धणे, तीळ, हे सगळं गोड्या मसाल्यात आणि वाटणात आहेच. दालचिनीची पावडर रोज चमचा-चमचा पाण्यातून घेणारे लोक आहेत, बाजारात मिळते ती बहुतेक कॅशिया जातीची असते आणि तिच्यातलं कूमरिन नावाचं द्रव्य जास्त झालं तर लिव्हरला चालत नाही. चवीपुरतीच ठेवा.

ताक, दही, आंबील हे रोज हवंच. २०२१ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ३६ निरोगी लोकांना दोन गटांत विभागून बघितलं, एका गटाला भरपूर चोथा आणि एका गटाला दही, केफिर (आंबवलेलं दूध), किमची (आंबवलेली कोबी) असे आंबवलेले पदार्थ वाढवत नेले, तर दहा आठवड्यांत आंबवलेलं खाणाऱ्यांच्या रक्तातली दाहाशी जोडलेली १९ प्रोटीन्स कमी झाली, त्यात आयएल-६ पण होतं. अभ्यास छोटा आहे पण दिशा कळते. नाचणीची आंबील करायला रात्री दोन चमचे पीठ पाण्यात किंवा पातळ ताकात कालवून झाकून ठेवा, सकाळी पाणी घालून ढवळत शिजवा, गार झाल्यावर ताक, जिरेपूड, ठेचलेला लसूण, मीठ. ताक शेवटीच घाला, उकळलं की त्यातले जिवाणू मरतात. चहा-खारीच्या नाश्त्याच्या जागी हे आठवड्यातून दोन-तीनदा केलं तरी पुष्कळ.

फळं हंगामी. पेरूत संत्र्यापेक्षा कितीतरी जास्त सी व्हिटॅमिन असतं, आवळ्यात तर विचारूच नका, जांभळं, बोरं, पपई, डाळिंब, सगळं चावून खा, ज्यूस करू नका. आंबा पण खा हो, एक फोड-दोन फोडी जेवणात, पण आमरस वाट्या-वाट्या आणि वर पुऱ्या असं रोज नको.

उपवासाचं वेगळं सांगावं लागतं कारण महिन्याची चतुर्थी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र मिळून ते दिवस कमी नाहीत. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, त्यावर तूप आणि बटाटा. त्याऐवजी वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, उकडलेलं रताळं, काकडीची कोशिंबीर, ताक, फळं. खिचडी खायचीच तर छोटी वाटी, दाण्याचं कूट जास्त घालून आणि दह्याबरोबर.

सांधेदुखीवाल्यांना घरातले मोठे सांगतात की वांगं, टोमॅटो, बटाटा, पावटा वातूळ आहे, बंद कर. वांगं-टोमॅटो सगळ्यांचाच दाह वाढवतात याला ठोस पुरावा नाही, पण एखाद्याला खरोखर त्रास होऊ शकतो, म्हणून ठरवायची रीत अशी, एका वेळी एकच पदार्थ तीन आठवडे बंद, मग परत सुरू, आणि रोज सकाळी सांधे किती वेळ आखडलेले होते ते वहीत लिहायचं. फरक स्पष्ट दिसला तर सोडा, नाही दिसला तर खुशाल भरलं वांगं खा. एकदम दहा भाज्या बंद केल्या तर कळत तर काहीच नाही, वर ताटातली भाजी मात्र कमी होते.

काही जणांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारायचंय. वॉरफेरिनसारखी रक्त पातळ करायची गोळी घेणाऱ्यांनी पालेभाजी एकदम वाढवू नये, रोज साधारण सारखी ठेवावी, कारण व्हिटॅमिन के मुळे गोळीचं गणित बदलतं. किडनीचा त्रास असेल तर पालेभाजी, फळं, डाळी यांचं माप डॉक्टरच ठरवतील. डायबेटिसच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना एकदम गोड आणि पोळी-भात कमी केला तर शुगर खाली जाऊ शकते, तेव्हा सांगून करा.

हे सगळं एका सोमवारी सुरू करू नका, घरात बंड होईल. पहिले पंधरा दिवस फक्त तेलाची वाटी आणि संध्याकाळचं खाणं. पुढचे पंधरा दिवस कोशिंबीर. मग उसळ आठवड्यातून चारदा. मग जवसाची चटणी, मासे. सासूबाईंना किंवा आईला वाटतं आपल्या स्वैपाकाला नावं ठेवतात, तर त्यांनाच विचारा की तुमच्या लहानपणी ताटात काय काय असायचं, निम्म्या रेसिपी तिथेच मिळतात आणि त्या मग स्वतः पुढे होऊन करतात. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चालणं आणि रात्रीचं जेवण झोपायच्या दोन-तीन तास आधी, हे पण जमवा. तीन महिन्यांनी कंबर परत मोजा आणि टेस्ट केली असेल तर तीही परत करा.

परदेशात असाल तर ज्वारी-नाचणीचं पीठ भारतीय दुकानात मिळतं, लहान पुडा घ्या आणि तारीख बघा. फ्रोझन मेथी, पालक, शेवगा, तुरीचे दाणे अगदी चालतात, ताज्यापेक्षा कमी समजू नका. केल, कॉलर्ड ग्रीन्सची आपल्या पद्धतीने लसूण-मिरचीची पातळ भाजी मस्त होते, मुगाची डाळ घालून. बांगडा-तारलीच्या जागी डबाबंद मॅकरेल आणि सार्डिन घ्या, पाण्यातले किंवा ऑलिव्ह ऑइलमधले, डब्यावर मीठ किती लिहिलंय ते बघून, आणि कांदा, कोकम, हिरवी मिरची घालून परतले की भाकरीबरोबर दहा मिनिटांत जेवण तयार.